नातवाचे नाव मंगेश का ठेवले?

नातवाचे नाव मंगेश ठेवल्यापासून फोंड्याच्या बाजारात, लग्नाच्या मांडवात आणि जुन्या विद्यार्थ्यांच्या घरी मला एकच प्रश्न विचारला जातो : आजच्या काळात इतके जुने नाव का निवडले, आणि त्या नावाचा अर्थ तरी काय? विचारणारे बहुधा तरुण आईबाप असतात, त्यांच्या घरीही बारसे जवळ आलेले असते आणि त्यांना उत्तर खरोखर हवे असते. तुम्ही विचारलेत म्हणून जरा विस्ताराने सांगतो.

आधी अर्थाविषयी. मोबाइलवर मिळणाऱ्या नावांच्या याद्यांमध्ये ‘मंगल करणारा ईश्वर’ असा अर्थ दिलेला असतो. तो कानाला बरा वाटतो, पण मंगल आणि ईश यांचा संधी केला तर मंगलेश असे रूप होते आणि ते निराळे नाव आहे. गोव्यातल्या फोंडा तालुक्यात मंगेशी या गावी मंगेशाचे, म्हणजे शंकराचे, देऊळ आहे. त्या देवळाशी जोडलेली कथा वेगळी आहे. सारीपाटात पार्वतीकडून हरलेले शंकर कैलास सोडून गोमंतकात आले, त्यांना शोधत पार्वतीही आली, आणि तिची गंमत करावी म्हणून शंकरांनी वाघाचे रूप घेऊन तिची वाट अडवली. भेदरलेल्या पार्वतीला ‘त्राहि मां गिरीश’, म्हणजे ‘हे गिरीशा, मला वाचव’, असे म्हणायचे होते. तिच्या तोंडून शब्द अर्धवट निघाले, त्यातले ‘मां गिरीश’ एकत्र आले, त्याचे मांगिरीश झाले आणि पुढे मंगेश. दुसऱ्या एका कथेत ब्रह्मदेवाने मांगिरीश नावाच्या पर्वतावर हे लिंग स्थापन केले आणि तिथून सारस्वतांनी ते दक्षिणेत आणले, असे सांगतात. या पुराणकथा आहेत, इतिहास नव्हे, हे मी वर्गातही सांगत असे. तरीही मला पहिली कथा अधिक जवळची वाटते, कारण तीत देवाचे नाव कोण्या पंडिताने घडवलेले नाही, ते भ्यालेल्या बायकोच्या हाकेतून आले आहे.

इतिहास मात्र पक्का आहे, आणि माझ्या निवडीचे खरे कारण त्यातच आहे. मंगेशीचे देऊळ आज प्रियोळ गावात आहे, पण मंगेशाचे मूळ स्थान तिथे नव्हते. ते जुवारी नदीच्या काठी कुशस्थळी म्हणजे आजच्या कुठ्ठाळीला होते. सासष्टी आणि बार्देश हे महाल, म्हणजे तालुके, 1543 मध्ये पोर्तुगिजांच्या हाती गेले आणि पुढे तिथे धर्मांतराचा व मंदिरे पाडण्याचा काळ सुरू झाला. तेव्हा 1560 मध्ये भाविकांनी मंगेशाचे लिंग कुशस्थळीहून हलवले आणि नदी ओलांडून अंत्रूज महालातल्या, म्हणजे आजच्या फोंडा भागातल्या, प्रियोळला आणले, कारण अंत्रूज त्या वेळी विजापूरच्या आदिलशाहीत होते आणि पोर्तुगिजांचा हात तिथवर पोहोचत नव्हता. त्याच काळात वेर्णेची महालसा म्हार्दोळला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आणि लोटलीचा रामनाथ बांदिवड्याला आला. आज फोंडा तालुक्यात थोड्याशा अंतरात इतकी मोठी देवस्थाने दिसतात आणि बाहेरच्या पाहुण्यांना त्याचे नवल वाटते. त्यांतली कितीतरी मुळात जीव वाचवून आलेली आहेत, हे त्यांना सांगावे लागते.

देवाबरोबर माणसेही हलली. काही कुटुंबे अंत्रूजात थांबली, काही उत्तरेला सावंतवाडी, वेंगुर्ले, मालवण या बाजूला गेली, काही दक्षिणेला कारवार आणि मंगळुरूकडे उतरली. घर, शेत, माडांचे भाट मागे राहिले आणि नव्या गावात ‘आम्ही कुठले’ हे सांगायला कुलदैवताचे नावच तेवढे बरोबर होते. ज्यांचे हे कुलदैवत आणि ज्यांना आपण कुळावी म्हणतो, त्या घराण्यांनी ते नाव मुलांना दिले आणि पिढ्यानपिढ्या फिरते ठेवले. ज्या माणसांनी पुढे हे नाव मराठी वाचकांच्या ओळखीचे केले, त्यांत समीक्षक मं. वि. राजाध्यक्ष, 1929 साली वेंगुर्ल्याला जन्मलेले कवी मंगेश पाडगावकर आणि व्यंगचित्रकार मंगेश तेंडुलकर यांची आठवण मला हटकून होते. एका बेटाएवढ्या मुलखातून उठलेले नाव आज विदर्भातल्या घरांतही ठेवले जाते, आणि तिथल्या आईबापांना कुशस्थळी ठाऊक असेलच असे नाही.

या नावाला सर्वांत मोठी कीर्ती मिळाली ती मात्र आडनावातून. गायक-नट दीनानाथांचा जन्म 29 डिसेंबर 1900 रोजी मंगेशीला झाला. वडील देवळात अभिषेक करणारे भटजी, आई येसूबाई कलावंत घराण्यातल्या. दीनानाथांनी गावावरून मंगेशकर हे आडनाव लावले आणि 1942 मध्ये, वयाची बेचाळीस वर्षेही पूर्ण होण्याआधी, ते गेले. त्यांच्या मुलांनी ते आडनाव कुठे नेऊन ठेवले हे मी सांगायला नको. मला यात महत्त्वाचे वाटते ते इतकेच की, देवळाच्या सावलीत वाढलेल्या मुलाने स्वतःची ओळख म्हणून देवाच्या गावाचे नाव घेतले आणि ते नाव त्या कुटुंबाचे झाले.

तुम्ही विचाराल, मग हे कुळाव्यांचेच नाव का? तसे नाही. आमचे घराणे कुळावी नाही. आमचे पूर्वज कुळागरात, म्हणजे माड-पोफळीच्या बागेत, राबणारे. तरीही माझे वडील मंगेश होते आणि आमच्या वाड्यावर त्यांच्या वयाचे आणखीही मंगेश होते. देवळात सोमवारी पालखी निघते, माघात जत्रा भरते, आणि त्या जत्रेला सगळा परिसर लोटतो. ज्याच्या दाराशी दुकान लावायचे, ज्याला नवस बोलायचा, त्याचे नाव मुलाला द्यायला कुणाची परवानगी लागत नसे. मुख्य देवळाच्या मागे मूळकेश्वराचे स्थान आहे. ज्या गुराख्याला हे लिंग प्रथम सापडले त्याचे ते स्थान, असे मानतात. देवाला शोधणारा गुराखी होता ही आठवण देवळाने जपली आहे, आणि मला त्याचा फार आदर वाटतो. 1739 मध्ये पेशव्यांनी मंगेशी गाव देवस्थानाला इनाम दिले, तेही रामचंद्र मल्हार सुखटणकर या मंगेशभक्त सरदाराच्या सांगण्यावरून. राजे आणि सरदार यांची नोंद कागदांत राहते; वाड्यावरच्या भक्तीची नोंद मुलांच्या नावांतच राहिली.

शिक्षक म्हणून आणखी एक सांगतो. पहिलीच्या मुलाला स्वतःचे नाव लिहिता येणे हा फार मोठा आनंद असतो आणि मंगेश या नावात एकही जोडाक्षर नाही. एक अनुस्वार आणि एक मात्रा कळली की मूल ते पाटीवर लिहिते. वर्गात प्रज्ञेश आणि हृदयेश यांना महिनोन्‌महिने झटावे लागताना मी पाहिले आहे. हाक मारायलाही हे नाव उत्तम आहे : मधला ए हवा तितका लांबवता येतो आणि कुळागराच्या खालच्या टोकाला पाट सोडत असलेल्या माणसापर्यंत पोहोचतो. मोठेपणी त्यालाच आदराचा बाब जोडला की मंगेशबाब होते, आणि साठीच्या माणसालाही ते शोभते. मूल लहान असते फार थोडी वर्षे. म्हातारपणीही अंगाला बसेल असे नाव निवडावे, असे माझे मत आहे.

मग ते मागे का पडले? आमच्याकडे आजोबांचे नाव नातवाला देण्याची रीत होती, म्हणून प्रत्येक घरात ठरावीक नावे आलटूनपालटून येत. सुनेने सासऱ्याचे नाव घ्यायचे नाही, म्हणून पाळण्यातले नाव मंगेश असले तरी आई त्याला बाबू किंवा बाळू म्हणे, आणि शाळेच्या हजेरीपटावरच खरे नाव उमटे. गोवामुक्तीनंतरच्या पिढीत ही रीत सैल झाली, आणि नाव सर्वांहून वेगळे असावे अशी इच्छा वाढली. त्यात वाईट काही नाही. पण ज्याच्यामागे काहीही नाही असे नुसते नवे नाव शोधण्यासाठी आईबाप महिने घालवतात, आणि चारशेहून अधिक वर्षांचा प्रवास करून आलेले नाव दाराशी उभे असते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आमच्या घरी ही चर्चा रीतसर झाली. सून पेडण्याची, तिने पतीच्या आजोबांचे नाव स्वतः सुचवले आणि ती ते दिवसातून कितीतरी वेळा मोठ्याने घेते, हे मला फार आवडते. तुमचे दैवत दुसरे असेल तर मंगेशच ठेवा असे मी म्हणणार नाही. बांदिवड्याच्या नागेशाचे नाव आहे, रामनाथ आहे, जांबावलीचा दामोदर आहे. ही सगळी नावे लिहायला आणि हाक मारायला तितकीच चांगली आहेत. एकच सूचना करतो. जन्मनोंदणीच्या वेळी रोमी लिपीतले स्पेलिंग आधी ठरवून जा. पोर्तुगीज वळणाने ‘ग’साठी ‘जी’नंतर ‘यू’ लिहिण्याची पद्धत इथे अजून दिसते, म्हणून एकाच घरात बापाचे आणि मुलाचे नाव दोन तऱ्हांनी लिहिले जाते आणि पुढे कागदपत्रांत अडचण येते. आम्ही नातवाच्या दाखल्यावर ‘यू’ ठेवलेला नाही.