बदलीची नोकरी

फिलाडेल्फियाजवळ राहत होतो तेव्हा सोमवारी सकाळी ऑफिसात कॉफीच्या आधी अँडी रीडला शिव्या व्हायच्या. मला अमेरिकन फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण हे नाव तोंडपाठ झालं. फिलाडेल्फियाच्या ईगल्स टीमचा मुख्य कोच. धिप्पाड, लालसर मिशी, हातात उडप्याच्या मेन्यूकार्डाएवढा लॅमिनेट केलेला कागद. सामना हरला की पत्रकारांसमोर बसून ठरलेलं बोलायचा: चूक माझी, मला काम याहून नीट करायला हवं. आणि मग, विचारा, वेळ तुमचा. माझ्या पलीकडच्या टेबलावरचा एकजण त्याची इतकी हुबेहूब नक्कल करायचा की टीव्हीवर खरा रीड दिसला की मला आधी तोच आठवायचा.

मला या माणसात रस निर्माण झाला तो खेळामुळे नाही. एकदा दुपारी रिकामपणी त्याचा बायोडेटा वाचला आणि चमकले. हे तर आमच्या घरचं होतं! बाबा पाटबंधारे खात्यात. ऑर्डर आली की आई ट्रंका काढायची. ट्रंकांवर तिने पांढऱ्या ऑइलपेंटने कायमचे नंबर घातले होते, म्हणजे चार नंबरमध्ये भांडी आणि सातमध्ये देव, गाव कुठलंही असो. तुळस डालड्याच्या डब्यात, ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी. दहावीपर्यंत मी पाच शाळा पाहिल्या.

आता रीडचं पाहा. 1982 मध्ये युटामधल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठात तो कोचिंगला लागला. आधी तिथेच खेळत होता, आता उमेदवारी. 1983 ते 85 सॅन फ्रान्सिस्को स्टेट. 86 फ्लॅगस्टाफ, ॲरिझोना. 87-88 एल पासो, टेक्सस. 89 ते 91 कोलंबिया, मिझुरी. 1992 ला ग्रीन बे, विस्कॉन्सिन. दहा वर्षांत सहा गावं, लग्न झालेलं, हळूहळू पाच मुलं. वाळवंटातून बर्फात.

आणि काम काय, तर बहुतेक ठिकाणी 'ऑफेन्सिव्ह लाइन'चं. म्हणजे चेंडू घेऊन न पळणारे ते पाच आडदांड खेळाडू, जे पुढे उभे राहून मागच्या क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकून चाल चालवणाऱ्याला, वाचवतात. त्यांचं नाव रविवारी कोणी घेत नाही, चुकले तरच घेतात. सॅन फ्रान्सिस्को स्टेट ही लहान टीम, पैशांची ओढाताण. तिथे रीड कॅम्पसवर हॉट डॉग विकायला उभा राहायचा. टीमला निधी हवा ना! हे वाचल्यावर माझ्या मनात सोमवारच्या शिव्यांना थोडा लगाम बसला.

या धंद्यात प्रमोशन कसं मिळतं, तेही मला आपल्या सरकारी खात्यामुळे लवकर समजलं. मुख्य कोचला नारळ मिळाला की त्याच्या हाताखालच्या बहुतेकांचं बिऱ्हाड हलतं, त्यांनी काम कितीही चांगलं केलेलं असो. उलट कुठे एखाद्याला मोठी खुर्ची मिळाली की तो जुन्या जागी बरोबर काम केलेली माणसं आठवतो. रीड उमेदवारीत होता तेव्हा ब्रिगहॅम यंगला माईक होल्मग्रेन क्वार्टरबॅकचा कोच होता. दहा वर्षांनी होल्मग्रेन ग्रीन बे पॅकर्सचा मुख्य कोच झाला आणि त्याने रीडला बोलावून घेतलं. याला वशिला म्हणा हवं तर. मी म्हणणार नाही, कारण पाच आडदांडांना उभं राहायला शिकवणाऱ्याला कोण लक्षात ठेवतं? ज्याने ते रोज पाहिलंय, तोच.

ग्रीन बेच्या त्या स्टाफमध्येच रे ऱ्होड्सही होता. तो पुढे ईगल्सचा मुख्य कोच झाला, 1998 च्या हंगामात सोळापैकी तेरा सामने हरला आणि त्याला नारळ मिळाला. त्याच्या खुर्चीत 1999 ला कोण बसलं? रीड. मधल्या पायरीवर, म्हणजे आक्रमणाचा किंवा बचावाचा कोऑर्डिनेटर म्हणून, एक दिवसही न घालवता. ज्युनियर इंजिनियरला एकदम चीफ इंजिनियर केलं तर खात्यात जी कुजबुज होईल, ती फिलाडेल्फियात झालीच. त्यात त्याने आल्या आल्या डोनोवन मॅकनॅब हा क्वार्टरबॅक निवडला, तर गावच्या लोकांनी निवड समारंभात जाऊन हुर्यो उडवली.

मग हाच कोच चौदा वर्षं टिकला. बाद फेऱ्या सोडून 130 सामने जिंकला. 2001 ते 2004 लागोपाठ चार हंगाम टीमला सुपर बोलच्या, म्हणजे अंतिम सामन्याच्या, उंबऱ्यापर्यंत नेलं, तीनदा तिथेच अडखळला, चौथ्यांदा आत गेला. 2005 च्या फेब्रुवारीतला तो सुपर बोल मी ऑफिसातल्या मैत्रिणीकडे पाहिला. दहा गुणांनी मागे, हातात 5 मिनिटं 40 सेकंद, आणि ईगल्स अशी रमतगमत चाल रचत होते की जणू पंगतीत अजून भात यायचाय. टचडाउन झालं तेव्हा 1 मिनिट 48 सेकंद उरले होते. पॅट्रियट्स 24, ईगल्स 21. मैत्रिणीचा नवरा उठून अंगणात गेला तो बराच वेळ आला नाही. "वेळ तुमचा" म्हणणाऱ्या माणसाला घड्याळ सांभाळता येत नाही, हा टोमणा पुढे कितीतरी वर्षं चालला.

2012 चं वर्ष वाईट होतं. ऑगस्टमध्ये सराव शिबिरातच त्याचा मोठा मुलगा गेला. हंगामात सोळांत चार विजय. 31 डिसेंबरला नारळ. आणि आठवडा उलटायच्या आत कॅन्सस सिटी चीफ्सची ऑर्डर! ती टीम त्याच हंगामात सोळांत दोनच सामने जिंकलेली.

लोक इथून पुढचं सगळं श्रेय 2017 मध्ये निवडलेल्या पॅट्रिक माहोम्सला देतात. असला क्वार्टरबॅक मिळाला तर काय, असं म्हणतात. बरोबरच आहे. पण माहोम्स यायच्या आधी एक गोष्ट झाली होती, तिच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. फिलाडेल्फियात कोणता खेळाडू घ्यायचा, कोणाला काढायचं, याचा शेवटचा शब्दही रीडचाच असायचा. कॅन्सस सिटीत ते खातं दुसऱ्याकडे गेलं, याच्याकडे फक्त कोचिंग उरलं. चोपन्नाव्या वर्षी निम्मे अधिकार सोडून पुन्हा शिकवायला उभा राहिला. बाबांनी मात्र उलट केलं. प्रमोशन घेतलं आणि कालव्यावर फिरणारा माणूस उरलेली नोकरी टेंडरच्या फायलींत बसला. त्याबद्दल आमच्या घरी बोलत नाहीत.

2013 च्या सप्टेंबरात तो नवी टीम घेऊन फिलाडेल्फियाला खेळायला आला. नवऱ्याला ऑफिसातून दोन तिकिटं मिळाली होती. रीड मैदानावर आला तेव्हा माझ्या डोक्यात सोमवारच्या शिव्या. आणि लोक उठून टाळ्या वाजवत होते! मग तो 26-16 ने जिंकला.

पुढच्या वर्षी आमचीही बदली झाली, तीही कॅन्सस सिटीलाच. ऑफिसात कोणी रीडला शिव्या देईना, तेव्हा मला सोमवार चुकल्याचुकल्यासारखे वाटायचे.

2020 च्या फेब्रुवारीत आई-बाबा इथे होते. सुपर बोल. चीफ्स 10, फॉर्टीनायनर्स 20, सामना संपायला 7 मिनिटं 13 सेकंद. तिसरा प्रयत्न आणि चेंडू हातात ठेवायला अजून पंधरा यार्ड बाकी, म्हणजे जवळपास पुरणपोळी करपल्यातच जमा. माहोम्सनेच विचारलं होतं, 'वास्प' नावाची चाल खेळायला सवड आहे का? ती चाल शिजायला वेळ लागतो, तोवर पुढच्या पाचांनी भिंत धरून ठेवायची. मी चेंडूकडे न पाहता त्या पाचांकडे पाहत होते. माहोम्स मागे मागे गेला, भिंत धरली, चेंडू सुटला, टायरीक हिलच्या हातात 44 यार्ड. तिथून सामना फिरला. 31-20. चीफ्सला पन्नास वर्षांनी, रीडला एकसष्टाव्या वर्षी.

बाबा वास्पच्या आधीच सोफ्यावर झोपले होते. आई जागी होती. टीव्हीवर रीडची बायको दिसली तशी तिने विचारलं, "हिने किती बदल्या काढल्या?"

मी सांगत गेले, सॅन फ्रान्सिस्को, फ्लॅगस्टाफ, एल पासो, कोलंबिया, ग्रीन बे, फिलाडेल्फिया, इथे. ती बोटांची पेरं मोजत होती.

"सातच," आई म्हणाली. "आपल्या नऊ." आणि बाबांच्या अंगावर शाल घालायला उठली.