टर्कीविना ग्रेव्ही

थँक्सगिव्हिंग या अमेरिकन सणाच्या जेवणात शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही, पण त्याचा घास कोरडा राहतो. कुस्करलेले बटाटे, पावाचं स्टफिंग, फरसबी, रताळी, सगळं त्याच्या ताटात येतं. या सगळ्यावर ओतायची ग्रेव्ही तेवढी येत नाही, कारण ती टर्की हा पक्षी भाजताना तळाशी साठलेल्या रसात आणि चरबीत केलेली असते. आमटीशिवाय भाताकडे न बघणाऱ्या आपल्या लोकांना हे फार लागतं. अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी कुणा ना कुणाकडे जेवायला जाणं होतंच, तेव्हा ग्रेव्ही मीच करून नेते. मिसोची.

मिसो म्हणजे शिजवून ठेचलेलं सोयाबीन, मीठ आणि कोजी, म्हणजे मुद्दाम बुरशी चढवलेला तांदूळ, एकत्र करून महिनोन् महिने मुरवलेला जपानी गोळा. मुरताना कोजी सोयाबीनची प्रथिनं फोडते आणि त्यातून ग्लुटामेट सुटतं. जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ साली कोम्बू या समुद्री वनस्पतीतून हेच वेगळं काढलं आणि त्याच्या चवीला ‘उमामी’ म्हटलं. जिभेवर रेंगाळणारी ही चव मांसाच्या रश्शातही असते. मिसो ती पक्ष्याला हात न लावता आणतो. जोडीला सुके शिताके मशरूम घेतले की ती अनेक पटींनी वाढते.

शिताके गरम पाण्यात भिजवून ते तपकिरी पाणी गाळून ठेवायचं. तळाचा गाळ नको, कचकच लागते. चार टेबलस्पून लोण्यात तेवढाच मैदा मंद आचेवर परतायचा, बेसनाच्या लाडवांना परततो तसा, डोळ्यांपेक्षा नाकावर भरवसा ठेवून. खमंग वास सुटला की शिताक्याचं अडीच कप पाणी थोडं थोडं घालत घोटायचं. आधी गोळा होतो, मग पिठल्यासारखं काहीतरी दिसतं, मग एकदम तकाकी येते. मिरपूड घालायची, मीठ मुळीच नाही. गॅस बंद करून मगच मिसो: दोन टेबलस्पून पांढरा मिसो वाटीत थोड्या गरम ग्रेव्हीत कालवून घ्यायचा आणि तो पातेल्यात सोडायचा. उकळला तर वास उडून जातो, आणि पैसे आपण त्या वासाचेच मोजलेले असतात. शेवटी लिंबाचे चार थेंब.

जिरं-कढीपत्त्याची फोडणी द्यायला हात शिवशिवतो. देऊ नये. ग्रेव्हीने सगळ्यांत मिसळायचं असतं, फोडणी लगेच मिरवायला लागते.

तांबडा मिसो जास्त मुरलेला, खारट आणि उग्र. तो घेतलात तर निम्माच घाला. डबा फ्रिजमध्ये महिनोन् महिने टिकतो. उरलेल्याचं काय करायचं म्हणाल तर भरल्या वांग्यांच्या रश्शात अर्धा चमचा घालून बघा आणि सासूबाई विचारेपर्यंत बोलू नका.