तुम्ही विचारलंत म्हणून: हाताला काहीतरी लागावे

घरी आलेल्या पाहुण्यांना हॉलच्या कोपऱ्यातला पांढरा हेडसेट दिसला की प्रश्न ठरलेला असतो. हे डोळ्यांवर चढवून एवढे काय दिसते, आणि तुम्हा खेळणाऱ्यांना व्हर्च्युअल रिॲलिटीकडून, म्हणजे संगणकाने डोळ्यांसमोर उभ्या केलेल्या या आभासी जगाकडून, अजून काय हवे आहे? प्रश्नाच्या पहिल्या भागाचे उत्तर हेडसेट त्यांच्याच डोक्यावर चढवून देता येते. दुसऱ्या भागाचे उत्तर मात्र मी आजवर चहा घेता घेता अर्धवटच दिले आहे, आणि आता तुम्हीही तेच विचारलेत म्हणून ते जरा सविस्तर लिहितो.

पूर्वी मीही सरळ सांगितले असते की चित्र अधिक स्पष्ट हवे. २०१६ मध्ये ऑक्युलस रिफ्ट आणि एचटीसी व्हाइव्ह हे हेडसेट बाजारात आले, तेव्हा प्रत्येक डोळ्यासमोर १०८० बाय १२०० पिक्सेल असत, आणि भिंगातून मोठे होऊन दिसणाऱ्या त्या ठिपक्यांमुळे सगळे जग मच्छरदाणीतून पाहिल्यासारखे वाटे. २०२३ च्या क्वेस्ट ३ या हेडसेटमध्ये हा आकडा २०६४ बाय २२०८ पर्यंत गेला आणि मच्छरदाणी जवळजवळ विरली. चक्कर आणि मळमळ यांचा प्रश्न पूर्ण सुटलेला नाही, कारण डोळे ‘आपण धावत आहोत’ असे सांगतात आणि कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा ‘आपण उभे आहोत’ असे म्हणते. तरीही जागच्या जागी उभे राहून खेळायच्या खेळांत त्याचा त्रास फारसा होत नाही. थोडक्यात, डोळ्यांची माझी तक्रार आता किरकोळ आहे. तक्रार आहे ती हातांची.

एका संध्याकाळी मी ‘इलेव्हन टेबल टेनिस’ खेळत होतो. या खेळात चेंडूची फिरकी, टप्पा आणि उसळी इतकी खरी वाटते की चार-पाच रॅलींनंतर आपण दिवाणखान्यात आहोत याचा विसर पडतो. तसा तो पडला, आणि एक लांबलेली रॅली संपल्यावर दम खाण्यासाठी मी समोरच्या टेबलावर डावा हात टेकवला. टेबल अर्थातच नव्हते. मी गुडघ्यावर आपटलो, आणि स्वयंपाकघरातून ‘आता काय फोडलेत?’ अशी विचारणा झाली. (त्याआधी एकदा हात छताच्या पंख्याला लागला होता, म्हणून हा प्रश्न. ज्यांच्या घरी पंखा खाली लोंबतो त्यांनी तो आधी बंद करावा, हा माझा एकमेव तांत्रिक सल्ला.)

त्या पडण्यानंतर मी या खेळांकडे निराळ्या नजरेने पाहू लागलो. टेबल टेनिस एवढे खरे का वाटते? बॅट मुळातच हलकी असते, बॅटऐवजी हातात धरायचा कंट्रोलरही हलका असतो, आणि चेंडू बॅटला लागतो तेव्हा हाताला बसणारा झटका इतका लहान असतो की कंट्रोलरची बारीक थरथर त्याची जागा घेऊ शकते. ‘बीट सेबर’ या ठोकळे कापायच्या खेळात तलवारी प्रकाशाच्या आहेत, त्यामुळे ठोकळा कापताना मनगटाला विरोध झाला नाही तरी कोणाला खटकत नाही. मार्च २०२० मध्ये आलेल्या ‘हाफ-लाइफ: ॲलिक्स’मध्ये तर लांबची वस्तू मनगटाच्या एका झटक्याने उडत येते आणि आपण ती हवेत झेलतो. ही युक्ती मला फार आवडते, पण त्यातही झेललेल्या बाटलीला वजन नसतेच. म्हणजे उत्तम खेळ कोणते, हे बऱ्याच अंशी वजनाच्या अभावाने ठरवले आहे. ज्यांत ओझे नाही तेच विषय फुलले, आणि कुस्ती, रस्सीखेच, नांगर, वल्हे हे सगळे दाराबाहेर राहिले.

आपल्याकडे यातले खरे दुखणे क्रिकेटमध्ये कळते. हैदराबादच्या एका कंपनीने ‘आयबी क्रिकेट’ नावाचा खेळ काढला आहे आणि त्यासाठी बॅटच्या आकाराचा कंट्रोलरही बनवला आहे. दिशा अगदी योग्य आहे. परंतु खरी बॅट सव्वा किलोच्या आसपास असते, आणि चेंडू मधोमध लागला की कडेला लागला हे फलंदाजाला डोळ्यांच्या आधी तळहातांनी कळते. ती जाणीव अजून कोणीही घरात आणून दिलेली नाही.

ती पूर्णपणे येईल, अशी माझी आशाही नाही. बोटांना दोऱ्यांनी मागे ओढून धरणारे हातमोजे तयार झाले आहेत, त्यामुळे पेला पकडल्यावर बोटे त्याच्या कडेशी थांबू शकतात. पण आख्खा हात भिंतीशी थांबवायचा असेल तर जमिनीला किंवा भिंतीला पक्के केलेले काहीतरी लागते, आणि ते दोन खोल्यांच्या घरात कोण बसवणार? म्हणून माझे मागणे लहान आहे. बॅट, कुऱ्हाड, वल्हे हातात घेतल्यावर कंट्रोलरचा तोल त्या त्या वस्तूप्रमाणे पुढे-मागे सरकावा, आणि फटका बसल्याची कळ मनगटापर्यंत पोहोचावी. निम्म्याने हलका हेडसेट मिळाला तर तोही हवाच, कारण अर्धा किलोचे ओझे कपाळावर घेऊन मे महिन्याच्या उकाड्यात खेळताना भिंगांवर वाफ धरते. पण दोन्हींतून एकच निवडायचे झाल्यास मी हातांचे मागेन.

मेलबर्नला राहणारा माझा एक शाळासोबती रविवारी दुपारी माझ्याशी याच टेबलावर खेळतो. गेल्या खेपेस सामना संपल्यावर तो नेटपाशी आला आणि त्याने हात पुढे केला. मीही केला. माझा हात त्याच्या हातातून आरपार गेला. ‘पुन्हा एक गेम,’ तो म्हणाला, आणि सर्व्हिस माझी असल्याने मी मागे सरकलो.