खोडाच्या नादात मुळं राहिली

बोन्सायसाठी जाड बुंधा हवा असेल तर पाइन आधी काही वर्षं जमिनीत वाढवायचा, हे ऐकून मी जपानी ब्लॅक पाइनची तीन रोपं वाफ्यात लावली आणि पुढची पाच वर्षं फक्त बुंध्याकडे बघत बसलो. दर हिवाळ्यात दोरीनं घेर मोजायचा आणि खूश व्हायचं. जमिनीखाली काय चाललंय, याचा विचारही मनात आला नाही.

पाचव्या वर्षी उकरलं. सोटमूळ गाजरासारखं सरळ खाली गेलेलं. एका बाजूला दोन मुळं बोटापेक्षा जाड आणि लांबवर पळालेली, दुसरी बाजू जवळजवळ मोकळी. तंतुमुळं होती ती सगळी त्या लांबच्या टोकांना. कुंडीत बसवायला मुळं तोडली, म्हणजे नेमकी पाणी पिणारी मुळंच गेली. वर शहाणपणा म्हणजे पाइप लावून माती धुऊन काढली आणि त्याच दिवशी शेंडाही छाटला.

पाइनचं एक वाईट आहे, मेला तरी लगेच सांगत नाही. कित्येक आठवडे सुया, म्हणजे त्याची सुईसारखी पानं, हिरव्या होत्या. मी रोज पाणी घालत होतो. मग हिरवा रंग फिकट, राखाडी होत गेला. तीनपैकी दोन गेले.

दुसऱ्या खेपेला रोपं वर्षाची असतानाच सोटमूळ कापलं. प्रत्येक रोपाखाली एक सपाट फरशी पुरली आणि मुळं चहूबाजूंनी पसरून तिच्यावर ठेवली, म्हणजे खाली जायला वाट नाही, आडवंच पसरायचं. पुढे दर दोन वर्षांनी, हिवाळा सरता सरता, कळ्या फुगायच्या आधी उकरायचं. पण एका वेळी अर्धाच घेर. उरलेला अर्धा पुढच्या खेपेला. खाली वळलेलं आणि अंगाबाहेर जाड झालेलं मूळ बुंध्याजवळ कापायचं, बारीक मुळं राखायची. जाड मुळाचा काप धारदार कात्रीनं स्वच्छ घेतला की त्याच्या कडेनं नवी मुळं फुटतात. चेंगरला तर कुजायची भीती.

मुळांवर पांढरे तंतू दिसले, अळंबीसारखा वास आला. आधी वाटलं रोग पडला. तो मायकोरायझा, पाइनला मुळांतून अन्न-पाणी मिळवून देणारी बुरशी. तेव्हापासून जुन्या मातीतली थोडी माती राखून ठेवतो, सगळी धूत नाही.

मुळं कापली त्या वर्षी झाड वाढायचं नावच घेत नाही. मग बुंधा जाड कसा व्हायचा? त्यासाठी खालची एक फांदी वाटेल तेवढी वाढू देतो. तिच्या जोरावर बुडखा फुगतो, काम झालं की ती कापायची. बाकीच्या खालच्या फांद्यांवरच्या सुया मात्र सांभाळाव्या लागतात, कारण जुन्या उघड्या लाकडावर पाइन सहसा नवा कोंब काढत नाही. त्या वर्षी शेंड्याला हात लावायचा नाही, हे आता हाताला सांगावं लागत नाही.

या हिवाळ्यात एका झाडाचा दुसरा अर्धा घेर उकरला. फरशी अलगद निघाली आणि तिच्यावर मुळं पसरलेल्या पंजासारखी सपाट बसलेली होती. पहिल्या खेपेतलं वाचलेलं झाडही अजून आहे. त्याची मुळं एकाच बाजूला, म्हणून कुंडीत तिरकं लावलंय.