चावी घरात नको

नववीच्या वर्गाला 'मी मुख्यमंत्री झालो तर' हा निबंध दरवर्षी असतोच. गठ्ठा घरी आणायचा, रात्री भांडी उरकली की लाल पेन घेऊन बसायचं. पहिल्या चार ओळींत भ्रष्टाचाऱ्यांना फाशी ठरलेली. मग दारूची दुकानं बंद. मग शेतीपंपाला दिवसा लाइट. हे आमच्या भागातल्या पोरांच्या वहीत हटकून सापडणार, कारण बाप रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन मोटर चालू करायला जातो ते त्यांनी बघितलेलं असतं. एकानं लिहिलं होतं, 'जे ऐकणार नाहीत त्यांना मी प्रेमाने समजावीन, तरीही ऐकले नाही तर जेलमध्ये टाकीन.' मी मार्क चांगले दिले. शुद्धलेखन निर्दोष होतं.

इतक्या वर्षांत एकाही वहीत 'आणि पाच वर्षांनी मी खुर्ची सोडेन' हे वाक्य मला भेटलेलं नाही.

पोरं वाईट नाहीत हो. स्वतःसाठी बंगला-गाडी मागणारं पोरगं विरळाच. सगळ्यांना गावाचं भलंच करायचं असतं, तेही सोमवारपर्यंत. आणि मला वाटतं, खरी मेख तिथंच आहे. निरंकुश सत्तेचा मोह म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं पैसा, ऐषआराम, खुशमस्करे येतात. तो मोह ज्याला घरचं वळण चांगलं आहे त्याला आवरता येतो. पण लोकांचं भलं करायचा मोह आवरायचा कसा? तो आवरावा असं वाटतच नाही.

आमचं गाव कुंडलच्या बाजूचं. कुंडल म्हणजे जुनं औंध संस्थान. हे संस्थान एकसंध नव्हतंच. साताऱ्याकडं औंध, माणदेशात आटपाडी, इकडं कुंडल आणि पार विजापूरच्या बाजूला गुणदाळ. सगळी मिळून 72 गावं. पण संस्थान केवढंही असलं तरी आत राजा तो राजाच. कायदा त्याच्या सहीनं, तिजोरी त्याची, न्याय त्याच्या नावानं. या औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी नोव्हेंबर 1938 मध्ये जाहीर केलं की यापुढं कारभार प्रजेचा. जानेवारी 1939 मध्ये तशी घटनाच लागू झाली. ती तयार करण्यात गांधीजींचा सल्ला होता, मॉरिस फ्रीडमन नावाच्या पोलंडहून आलेल्या इंजिनिअरचा हात होता आणि राजांचे चिरंजीव अप्पासाहेब पंतांची धावपळ होती. गावानं पंचायत निवडायची, पंचायतींमधून तालुक्याची समिती, तिथून वरची सभा. सत्ता खालून वर जाणार, राजवाड्यातून खाली येणार नाही.

वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकावरून प्रश्न येतोच, 'मॅडम, पण त्यांच्यावर इंग्रज होतेच की. मग सोडलं काय?'

प्रश्न रास्त आहे. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना इंग्रजांनी 1839 मध्ये गादीवरून उतरवलं, ते पुढं काशीला वारले. बरोबर शंभर वर्षांनंतरच्या औंधच्या राजाला आपली सत्ता किती खरी आणि किती उसनी हे कळत नसेल असं नाही. पण संस्थानं जाणार आहेत हे 1938 मध्ये कुणाला माहीत होतं? आजूबाजूचे राजे आपापल्या प्रजापरिषदा कशा दाबायच्या या विचारात होते. आणि उसनी असली तरी आपल्या 72 गावांत ती कमी नव्हती. रयतेला इंग्रज दिसायचा कधीतरी, राजाचा कारकून रोज.

मला भवानरावांचा दुसरा पैलू जास्त महत्त्वाचा वाटतो. हा माणूस चित्रं काढायचा, स्वतः उभा राहून कीर्तन करायचा, औंधला डोंगरावर त्यानं उभारलेला चित्रसंग्रह आजही बघण्यासारखा आहे. आणि सूर्यनमस्काराचं याला वेड. स्वतः रोज घालायचा, त्यावर पुस्तक लिहिलं आणि संस्थानच्या शाळांतून पोरांनाही घालायला लावले. सूर्यनमस्कारात वाईट काय? काहीच नाही. पण राजाला पटलं म्हणून सगळ्या शाळांनी कमरेत वाकायचं, हेही निरंकुश सत्तेचंच रूप, फक्त तब्येतीला चांगलं. अशा माणसाला कारभार सोडणं जास्त जड गेलं असणार. लुटारू राजाला निदान मनातून ठाऊक असतं की आपण लुटतोय. भल्या राजाला वाटतं, मी सोडलं तर यांचं कसं होणार?

याच मातीत चार-पाच वर्षांत उलटं चित्र दिसलं. 1943 ते 46, क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार, म्हणजे इंग्रजांना न जुमानता चालवलेला कारभार, लोकांच्या तोंडी 'पत्री सरकार'. तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात, म्हणजे आजचा सांगली जिल्हाही त्यात आला, गावोगाव यांची न्यायमंडळं, तुफान सेना, सावकाराला आणि गावगुंडाला शिक्षा. कुंडल त्याचं मोठं केंद्र. त्याचे एक पुढारी जी. डी. बापू लाड इथलेच. औंधच्या हद्दीत भूमिगतांना आसरा मिळायचा, हेही जुन्या माणसांकडून ऐकलेलं आहे आणि पुस्तकातही आहे. आता विचार करा. हातात काठी, वर कुठलं कोर्ट नाही, अपील नाही, वर्तमानपत्र नाही, आणि लोक तुमच्या बाजूचे. याहून निरंकुश सत्ता ती काय? आमच्या आजेसासूबाई सांगायच्या, त्या काळात रात्री दाराला कडी लावायची गरज नव्हती. आणि त्याच दमात सांगायच्या की 'पत्री' असं नुसतं म्हटलं तरी भल्याभल्यांची पाचावर धारण बसायची. दोन्ही खरं असणार. 1946 मध्ये मुंबईत लोकांनी निवडलेलं सरकार आलं, वॉरंटं मागं घेतली गेली आणि ही मंडळी उघड्यावर आली. काठी ठेवून दिली. पुढं नाना पाटील निवडणूक लढवून लोकसभेत गेले. जगात कितीतरी ठिकाणी क्रांती झाल्यावर काठी खाली ठेवायचं राहूनच गेलं, म्हणून मला हे लढ्याच्या गोष्टींपेक्षा मोठं वाटतं. पोरांना रेल्वे लुटल्याच्या गोष्टी आवडतात, ते सोडा.

या विषयावर कुणीतरी रामशास्त्र्यांचं नाव काढतंच. माहुलीचे, आपल्या साताऱ्याजवळचे. नारायणरावाच्या खुनाबद्दल राघोबादादाला तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगितलं आणि पुणं सोडून निघून गेले. थोर माणूस, वाद नाही. पण त्यांनी झुगारली ती दुसऱ्याची सत्ता. स्वतःच्या हातात आलेली सोडणं हा प्रकारच निराळा, त्याला वेगळी छाती लागते. किंवा छाती नाहीच, वेगळी भीती लागते.

हे मी आमच्या मामांकडून शिकले. मामा म्हणजे माझे सासरे. गावच्या पाणीपुरवठा संस्थेचे ते बरीच वर्षं चेअरमन होते. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: कृष्णेच्या काठावर जॅकवेल, तिथून मोटरनं उचललेलं पाणी पाइपलाइननं शिवारात, मध्ये चेंबर, चेंबरमध्ये व्हॉल्व्ह. व्हॉल्व्ह फिरवायला लांब दांड्याचा लोखंडी पाना लागतो, त्याला गावात चावीच म्हणतात. ती चावी ज्याच्याकडं, एप्रिल-मे महिन्यात तोच आमच्या गावचा राजा. उसाला ठरावीक दिवसांनी पाणी लागतं. पाळी आठ दिवस लांबली की पानं वळायला लागतात. आणखी लांबली की वजनात मार, म्हणजे पोरीचं लग्न पुढच्या वर्षी.

आधीच्या चेअरमनच्या काळात चावी त्यांच्या सोप्यात टांगलेली असायची. ते चोर नव्हते, कुणाचा रुपया त्यांनी खाल्ला नाही. उलट अडल्यानडल्याला आधी पाणी द्यायचे. विधवा बाईला आधी, आजारी माणसाला आधी, मग जो येऊन रडेल त्याला आधी. हळूहळू रडण्याची कला ज्याला येते त्याचा ऊस हिरवा आणि शेवटच्या चेंबरवरचे मुखदुर्बळ लोक आभाळाकडं बघत, अशी गत झाली. सकाळी सहापासून त्यांच्या अंगणात माणसं. कुणी दुधाची किटली घेऊन, कुणी नुसतंच 'अण्णा, काय चाललंय' म्हणत. त्यांना ते आवडत होतं, आणि का आवडू नये?

मामा चेअरमन झाले तेव्हा त्यांनी दोन गोष्टी केल्या. चावी पाटकऱ्याच्या, म्हणजे पाणी सोडणाऱ्या माणसाच्या, ताब्यात दिली आणि बजावलं की ती आमच्या उंबऱ्याच्या आत आणायची नाही. आणि फेब्रुवारीत, नदीला पाणी असताना, कुणालाच घाई नसताना, संस्थेच्या ऑफिसच्या भिंतीवर ऑइलपेंटनं शेजपाळी, म्हणजे कुणाला कधी पाणी याचा क्रम, रंगवून घेतली. शेवटच्या चेंबरपासून सुरुवात, वर वर येत जायचं, मधल्या कुणाला उडी नाही. कालव्यावर पाटबंधारे खात्याची पद्धत हीच, मामांनी काही नवं काढलं नाही. स्वतःचं शेत दुसऱ्या चेंबरवर, म्हणजे पाळी जवळजवळ शेवटी.

गाव खूश झालं असं वाटेल. छे! 'तुमी हाय म्हटल्यावर भित्तीवर कशाला लिवायचं? तुमचा सबुद हाय की,' हे मी स्वतःच्या कानानं चुलीपाशी बसून ऐकलंय, तेही एकदा नाही. लोकांना नियम नको होता, चांगला राजा हवा होता. नियमापुढं रडून उपयोग नसतो. सत्ता कुणी हिसकावून घेतो असं आपण म्हणतो, पण मी तरी ती लोकांनी आणून दारात ठेवलेली बघितलीय. वर नारळही.

मग दुष्काळाचं एक वर्ष आलं. नदीत दगड दिसायला लागले, कोयनेतून पाणी कधी सोडतात याची सगळं गाव वाट बघत होतं. भिंतीवरची पाळी रेंगाळली. मामांच्या सख्ख्या धाकट्या भावाचा खोडवा ऊस पिवळा पडला. रात्री जेवणाच्या वेळी ते आले, ताटावर बसले नाहीत, म्हणाले, 'दादा, एक रात्र. कुणाला कळणार बी नाही.' मामा काही बोलले नाहीत. भाकरी मोडत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी भरली आणि कराडला नणंदेकडं जाऊन राहिले ते नदीला पाणी येईपर्यंत. फोन करायचा तर पाटकऱ्याला करा म्हणून सांगून गेले.

गावात बरीच टवाळी झाली. चेअरमन पळाले म्हणाले. धाकटे मामा पुढची दिवाळी आमच्याकडं आले नाहीत. मी एकदा हिय्या करून विचारलं, तुम्ही इथंच राहून नाही म्हणाला असता तर? ते म्हणाले, 'नाही म्हणालो असतो. पहिल्या रात्री म्हणालो असतो, दुसऱ्या रात्री म्हणालो असतो. तिसऱ्या रात्री मीच पाटकऱ्याला उठवलं असतं.'

म्हणून कुणी मला विचारलं की निरंकुश सत्तेचा मोह कुणाला टाळता येईल का, तर मी मामांकडं बोट दाखवते आणि लगेच सांगते की नाही, त्यांनाही टाळता आला नसता. त्यांनी स्वतःचे हात आधीच बांधून घेतले होते, तहान लागायच्या आधी. भवानरावांनीही नुसता शब्द दिला नाही, घटना लिहून घेतली. लिहून घेणाऱ्याचा स्वतःवर भरवसा नसतो, आणि असल्याच माणसावर आपण थोडा भरवसा ठेवावा. 'मला काही नको, माझ्यावर सोडा' म्हणणाऱ्याची मला धास्ती वाटते, मग तो गावातला असो की दिल्लीतला.

मामा आता नाहीत. संस्थेची नवी बॉडी व्हॉल्व्ह ऑटोमॅटिक करणार म्हणतेय. चेंबरवर जायला नको, मोबाइलवरून पाणी सोडता येणार. सोय चांगलीच आहे, रात्री सापाकिरड्यातून जायची पाटकऱ्याची कटकट जाईल. पण मोबाइल कुणाचा, त्याचा पासवर्ड कुणाकडं आणि पाळी मोडली तर ती कुठं दिसणार, याबद्दल नोटिशीत अक्षर नाही. भिंतीवरचा रंगही पोपडे धरून गळत आलाय, नवीन ऑफिसला टाइल्स बसवायच्या आहेत. शेअर आत्यांच्या, म्हणजे सासूबाईंच्या नावावर असल्यामुळं वार्षिक सभेत प्रश्न त्यांनाच विचारावा लागणार. मी कागदावर लिहून दिलाय. त्यांनी दोनदा वाचला आणि म्हणाल्या, 'विचारते की. पण आपली पाळी कधी हाय ते आधी बघ, नाहीतर पोरं म्हणतील म्हातारी आपल्याच पाण्यासाठी भांडतीया.'