नागपुरात लहान घराचा टॅक्स कमी होतो तो कुठे

"पाचशे फुटांच्या आतलं घर आहे, मग टॅक्स माफ ना?" नागपुरात हा प्रश्न दर एप्रिलमध्ये निघतो. उत्तर स्पष्ट आहे: नाही. १ जानेवारी २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या, म्हणजे ४६.४५ चौरस मीटर चटईक्षेत्राच्या निवासी घरांना मालमत्ता करमाफी मिळाली ती बृहन्मुंबई महापालिकेच्या हद्दीत. मुंबईचा कायदाच वेगळा आहे, १८८८ चा. आपल्याला महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ लागू आहे. मालक स्वतः राहत असल्यास मिळणारी ४० टक्क्यांची सवलत पुण्याची, तिच्यासाठी भरायचा पीटी-३ अर्जही पुण्याचाच. गाजलेली शास्तीकर (अनधिकृत बांधकामावरचा दंड) माफी पिंपरी-चिंचवडची. मोबाइलवर फिरणाऱ्या बातमीत शहराचं नाव नसतं आणि लोक त्या भरवशावर वर्षभर बिल भरत नाहीत. नुकसान होतं ते तिथे.

रेशनकार्डाचा रंग बघून घरटॅक्स ठरत नाही. तो ठरतो घराच्या मोजमापावर, बांधकामाच्या प्रकारावर, वापरावर आणि वस्तीवर. त्यामुळे कमी कमाईच्या घराला खरा दिलासा मिळतो तो आकारणी दुरुस्त करून घेण्यात. माफीची वाट पाहण्यापेक्षा आधी बिल हातात घ्या.

बिलावर इंडेक्स नंबर असतो. पुढची सगळी कामं त्यावरच चालतात, तो वहीत लिहून ठेवा. मग करयोग्य मूल्य पाहा. घराचं वर्षाचं वाजवी भाडं किती येईल हे ठरवून त्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा करतात, उरतं ते करयोग्य मूल्य. महिना ५०० रुपये भाडं धरलं तर वर्षाचे ६,००० होतात, वजा ६०० केले की ५,४००. सामान्य कर याच आकड्यावर बसतो. शिक्षण कर राज्य सरकारचा, मनपा तो फक्त वसूल करून देते.

आता बिलात एक ओळ शोधा: रोजगार हमी कर. हा कर अनिवासी वापरावरच लागतो. तुमच्या घरात दुकान नाही, कारखाना नाही, तरीही ही ओळ दिसत असेल तर घराची किंवा एखाद्या खोलीची नोंद अनिवासी झाली आहे असं समजा. चूक एवढ्यावर थांबत नाही. शिक्षण कराचा दरही अनिवासीला निवासीच्या दुप्पट असतो आणि भाड्याचा दरही चढा धरला जातो. समोरच्या खोलीत कधीकाळी किराणा किंवा शिलाई मशीन होती, ती बंद होऊन वर्षं झाली, पण नोंद तशीच राहिली, हे गल्लोगल्ली सापडतं. दुकान अजून सुरू असेल तर अर्जात तेवढ्याच खोलीचं मोजमाप अनिवासीत ठेवून बाकी घर निवासीत घ्या असं मागा. दहा बाय बाराच्या दुकानापायी सबंध घराला दुकानाचा दर लागू देऊ नका.

दुसरी चूक बांधकामाच्या प्रकाराची. टिनाचं शेड किंवा कवेलूचं (कौलांचं) घर पक्क्या स्लॅबच्या घरात धरलं जातं, कारण समोरची भिंत विटांची आणि रंगवलेली असते. रस्त्यावरून पाहणाऱ्याला मागचं टिन दिसत नाही. तिसरी मोजमापाची. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६ चौरस फूट. नोंदीतला आकडा मीटरमध्ये आहे की फुटांत, हे पाहिल्याशिवाय भांडायला जाऊ नका. फीत घेऊन खोली-खोली मोजा, कागदावर साधा नकाशा काढा, त्यावर लांबी-रुंदी लिहा. दोघा भावांच्या घरातला जिना दोघांच्याही बिलात मोजला गेला आहे का, तेही पाहा. चौथी चूक भाडेकरूची: बहिणीचं कुटुंब वरच्या खोलीत राहतं आणि नोंद होते भाड्याची. आणि एकाच घराला दोन इंडेक्स नंबर पडले असतील तर एक भरूनही दुसऱ्यावर थकबाकी वाढतच राहते.

अर्ज झोन ऑफिसात द्यायचा. नागपुरात दहा झोन आहेत: लक्ष्मीनगर, धरमपेठ, हनुमाननगर, धंतोली, नेहरूनगर, गांधीबाग, सतरंजीपुरा, लकडगंज, आशीनगर आणि मंगळवारी. सिव्हिल लाइन्सच्या मुख्यालयात थेट गेलात तरी कागद शेवटी झोनलाच येतो. अर्जाला बिलाची प्रत, घराचा मोजमाप-नकाशा, सगळ्या बाजूंचे फोटो (टिन आणि कवेलू वरून दिसतील असे), मालकीचा कागद किंवा पट्टा (झोपडपट्टीतल्या जागेच्या हक्काचा कागद), आणि वीजबिल जोडा. मीटर घरगुती दराचा असेल तर निवासी वापराला तो चांगला आधार ठरतो. अर्ज दोन प्रतींत न्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. तोंडी सांगितलेल्या तक्रारीचा पुढे काहीच उपयोग होत नाही.

आकारणी नव्याने झाली किंवा वाढली की विशेष नोटीस येते. तिच्यावर छापलेल्या मुदतीतच हरकत द्या, कारण पुढची दारं या हरकतीवरच उघडतात. १९४९ च्या अधिनियमाच्या कलम ४०६ खाली न्यायाधीशांकडे अपील करता येतं, पण अट अशी की आधी तक्रार केलेली असावी, तिचा निकाल लागलेला असावा, अपील १५ दिवसांत दाखल व्हावं आणि बिलाची रक्कम मनपाकडे भरलेली असावी. लहान घराला हा मार्ग महाग पडतो. म्हणून पहिली हरकतच नीट, कागदांसह द्या.

उत्तर येत नसेल तर लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ वापरा. पुनःआकारणी, करमाफी, आक्षेप नोंदवणं, हस्तांतरणाची नोंद, थकबाकी नसल्याचा दाखला या अधिसूचित सेवा आहेत. मुदत उलटली की ३० दिवसांत पहिलं अपील, मग ३० दिवसांत दुसरं, तिसरं ६० दिवसांत राज्य सेवा हक्क आयोगाकडे.

एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवा: तक्रार दिली म्हणून बिलाची मुदत थांबत नाही. मुदत गेली की दरमहा २ टक्के शास्ती, म्हणजे दंड, लागते, वर्षाला २४ टक्के. १,८०० रुपयांच्या बिलावर महिन्याला ३६ रुपये. छोटे वाटतात, पण ५० महिन्यांत शास्तीच १,८०० होते आणि देणं दुप्पट. रोजमजुरीच्या घरावर हा बोजा बिलापेक्षा जड होतो, आणि तो टाळता येण्यासारखा आहे म्हणून जास्त वाईट वाटतं. तेव्हा "हरकत राखून भरत आहे" असं अर्जात लिहून बिल भरा, निकाल तुमच्या बाजूने लागला की जास्तीची रक्कम पुढच्या बिलात वळती करून मागा.

थकबाकीदारांसाठी अभय योजना येते तेव्हा माफी मिळते ती शास्तीत. मूळ कर पूर्ण भरावाच लागतो. वरच्याच उदाहरणात शास्ती ८० टक्के माफ झाली तर १,८०० मूळ आणि ३६० शास्ती, असे २,१६० भरायचे. योजना मुदतीची असते, ती गेली की पूर्ण शास्ती परत उभी राहते. पैसे हाताशी असताना पुढच्या योजनेसाठी थांबणं तोट्याचं, कारण ती येईलच असा नियम नाही. उलट वर्षाच्या सुरुवातीला एकरकमी भरणाऱ्यांना मनपा सूट जाहीर करते. टक्का आणि शेवटची तारीख दरवर्षीच्या आदेशात असते, ती बिलाच्या वेळीच विचारून घ्या.

शास्ती हा शब्द दोन ठिकाणी येतो. उशिराची २ टक्के ही एक, आणि त्याच अधिनियमाच्या कलम २६७अ खालची अनधिकृत बांधकामाची दुसरी. ती मालमत्ता कराच्या दुपटीपर्यंत जाऊ शकते. अभय योजनेचा आदेश वाचताना कोणती शास्ती माफ आहे ते नेमकं पाहा.

पूर्ण माफीचा हक्काचा मार्ग आहे तो माजी सैनिक आणि त्यांच्या विधवा पत्नींना, २०२० च्या बाळासाहेब ठाकरे माजी सैनिक सन्मान योजनेखाली. एकाच घराला लागू. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला घेऊन झोनला अर्ज करावा लागतो, आपोआप काही होत नाही. वस्तीत अशी एकटी राहणारी बाई असेल तर तिला हे सांगा, अनेकींना माहीतच नसतं.

घर अजून वारलेल्या सासऱ्याच्या नावावर असेल तर सूट मागण्याआधी नाव बदला. मृत्यू दाखला, वारसांची कागदपत्रं, चालू वर्षाची पावती लागते. झोपडपट्टीतल्या घरांनी हेही समजून घ्यावं की टॅक्स पावती मालकीचा पुरावा होत नाही, जागेचा हक्क पट्ट्यानेच मिळतो. पण पट्ट्याच्या अर्जात किती वर्षांपासून राहता हे दाखवायला जुन्या पावत्या कामी येतात, म्हणून त्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा. छापलेली शाई काही वर्षांत उडू शकते, तेव्हा प्रत्येकीची झेरॉक्सही काढून ठेवा.