जुन्या लॅपटॉपवर एडिटर ठरवताना : नोंद तिसरी

मंडळी, कोड लिहायचा एडिटर ठरला. जीनी.

मागची नोंद लिहिली तेव्हा डेबियन १२ या लिनक्सवर एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप नुकता बसवला होता. लॅपटॉप तोच, २ जीबी रॅमचा. बॅटरी केव्हाच गेलीय, त्यामुळे चार्जर निघाला की मशीन बंद. काम म्हणजे पायथनमध्ये मराठी शब्दकोडी तयार करणारा छोटा प्रोग्रॅम. एडिटर एकटा किती रॅम खातो हे पाहून भागत नाही, हे या महिन्यात नीट कळलं. शेजारी ब्राउझरमध्ये डॉक्युमेंटेशन उघडं असतं, टर्मिनल चालू असतं, आणि त्यांना देऊन उरेल तेवढ्यात एडिटरला राहायचंय.

सुरुवात केली ती ऑफिसात सवयीच्या झालेल्या एडिटरपासून. तो इलेक्ट्रॉनवर बांधलेला, म्हणजे पोटात अख्खं क्रोमियम. ब्राउझर उघडला की एचटॉपमध्ये, म्हणजे मेमरीचा वापर दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, स्वॅप (रॅम अपुरी पडली की वापरली जाणारी डिस्कवरची जागा) भरायला लागायची आणि टाइप केलेलं अक्षर उमटायची वाट बघावी लागायची. दोन दिवसांत काढला. एक्सएफसीईसोबत येणारा माउसपॅड लगेच उघडतो, सिंटॅक्सचे रंग दाखवतो, पण त्यात फंक्शनांची यादी नाही आणि प्रोग्रॅम चालवायची सोयही नाही. टिपणं काढायला ठेवलाय.

टर्मिनलमध्ये चालणाऱ्या विमला मात्र पूर्ण दोन आठवडे दिले. ब्राम मोलेनार यांनी १९९१ साली पहिल्यांदा बाहेर आणलेला हा एडिटर आजही या मशीनवर डोळ्याचं पातं लवायच्या आत उघडतो. नुसताच विम सुरू केला की युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा अशी ओळ दिसते. ब्राम २०२३ च्या ऑगस्टमध्ये गेले. ती ओळ वाचल्याशिवाय मी अजूनही पुढे जात नाही.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी लाईट गेली. तासाभराचं काम सेव्ह केलेलं नव्हतं. लाईट आल्यावर फाइल उघडली तर विमने स्वॅप फाइल (सेव्ह न केलेलं काम जपणारी विमची स्वतःची फाइल, रॅमच्या स्वॅपशी संबंध नाही) सापडल्याचं सांगितलं. आर दाबलं आणि जवळजवळ सगळं परत आलं. चार सेकंद हात थांबला किंवा दोनशे अक्षरं टाइप झाली की विम आपणहून स्वॅपमध्ये लिहून ठेवतो. बॅटरी नसलेल्या मशीनवर याचं मोल फार आहे.

तरी विम मुख्य एडिटर होऊ शकला नाही, आणि त्याचं कारण मराठी. माझ्या प्रोग्रॅममध्ये शेकडो मराठी शब्द आहेत, आणि मी इन्स्क्रिप्ट या मराठी कीबोर्डने टाइप करतो. विममध्ये इस्केप दाबलं की पुढची अक्षरं मजकूर न राहता कमांड होतात. शब्द लिहून झाला, इस्केप दाबलं, ओळ उडवायला डी दोनदा दाबलं, की विमला मिळतात दोन हलन्त, कारण इन्स्क्रिप्टमध्ये डीच्या जागी हलन्त आहे. दर वेळी आधी कीबोर्ड बदला, मग कमांड द्या. शिवाय टर्मिनलमध्ये जोडाक्षरं तुटतात. ‘क्षत्रिय’ लिहिलं की क पाय मोडून वेगळा, ष वेगळा. माझा सगळा प्रोग्रॅमच अक्षरं कुठे तुटतात यावर बेतलेला. पायथनला ‘क्षत्रिय’ची लांबी विचारली तर आठ येते, कोड्यात त्याला घरं हवीत तीन. चूक कोडमध्ये आहे की नुसती स्क्रीनवर, हेच कळेना.

जीनी २००५ पासूनचा. डेस्कटॉपच्या इतर पसाऱ्यावर कमीत कमी अवलंबून राहायचं हे त्याचं धोरण. आत मजकूर दाखवायचं-बदलायचं काम करणारं सिंटिला आहे, म्हणजे नोटपॅड प्लस प्लसमध्ये आहे तेच. विंडोजवरून येणाऱ्यांना त्यामुळे फार परकं वाटणार नाही. माझ्याकडे तो पन्नास-साठ एमबीत राहतो. डावीकडे फंक्शनांची यादी, खाली टर्मिनल, एफ८ ला कंपाइल, एफ९ ला बिल्ड, एफ५ ला रन. कॉलेजच्या लॅबमध्ये टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर एफ९ दाबत शिकलेल्यांचा हात इथे लवकर बसेल. कंपाइल करताना आलेली एरर खाली लाल दिसते, तिच्यावर क्लिक केलं की थेट त्या ओळीवर.

एक अडचण आली. मी लावलेल्या देजावू सान्स मोनो या फॉन्टमध्ये देवनागरी नाही, त्यामुळे मराठी अक्षरं दुसऱ्या फॉन्टमधून येतात आणि ओळीची उंची मात्र देजावूचीच राहते. वेलांट्या आणि मात्रा वरून छाटल्या जायच्या. फॉन्ट बदलून पाहण्यात दोन संध्याकाळी गेल्या. उपाय सेटिंगमध्येच होता : टूल्स मेनूतल्या कॉन्फिगरेशन फाइल्समधून फाइलटाइप्स डॉट कॉमन उघडा, स्टायलिंगखाली लाइन हाइटची ओळ शोधा, दोन शून्यांच्या जागी दोन-दोन टाका. तिच्यासमोर शेरा असल्याचं चिन्ह असेल तर तेही काढा. आता ‘र्‍हस्व’सुद्धा पूर्ण दिसतो.

लाईटसाठी सेव्ह अ‍ॅक्शन्स हे प्लगइन चालू केलं. ते सोबतच येतं. ऑटोसेव्ह ३० सेकंदांवर ठेवलं आणि रविवारी मुद्दाम चार्जरची पिन ओढली. परत सुरू केल्यावर शेवटची दीड ओळ तेवढी गेलेली होती.

रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर एसएसएचने, म्हणजे दुरून टर्मिनलमधून, शिरतो तेव्हा विमच वापरतो, तो सुटणार नाही. पण शब्दकोडं आता जीनीत. हलन्तानंतर व्यंजन आलं तर ते त्याच घरात, हा नियम काल रात्री लिहिला, एफ५ दाबलं, आणि ‘क्षत्रिय’ला तीन घरं मिळाली.